गाळलेल्या गाथा

गाथासप्तशती मी चारचौघांत वाचतो. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी पाहुणे आले तरी ती टेबलावरून उचलावीशी मला वाटत नाही. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली सिद्ध केलेली ती जाडजूड आवृत्ती. अशा ग्रंथाकडे कोण वाकड्या नजरेनं बघणार? पण त्याच्या आडून मी नेमकं काय वाचत असतो? खरं सांगायचं तर मी शोधत असतो. नखक्षतं, नदीकाठच्या वेतसकुंजातली चोरटी भेट. ते आलं की थांबतो, नाही आलं की पान उलटतो.

आणि माझी भाची फोनवर नव्या लेखिकांच्या धीट प्रणयकथांचा संग्रह वाचते, तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडते.

"मामा, तुझ्या पुस्तकात तरी वेगळं काय आहे?" तिनं एकदा सरळ विचारलं. मी दोन हजार वर्षं पुढे केली. अभिजातता, लोकजीवन, माहाराष्ट्री प्राकृत. यातलं काहीच खोटं नाही. पण तिच्या प्रश्नाला ते उत्तर होतं का? गाथासप्तशती हाही अनेक हातांनी लिहिलेला प्रेमसंग्रहच. हाल सातवाहनानं कोटभर गाथांतून सातशे निवडल्या, असं त्यातच म्हटलं आहे. परंपरेनं जपलेल्या कवींच्या नावांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी या बायकाही आहेत. जलूदहून 1978 पासून आम्हा इंदूरकरांच्या नळाला येणारी नर्मदाही त्या गाथांतून वाहते. हे सगळं जवळचं, आपलं. पण जुनी झाली म्हणून वासना सोवळी होते का? की सोवळं मलाच हवं होतं?

असाच प्रश्न एकदा न्यायालयातही गेला होता. लेखक चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 1962 च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या खटल्यात सापडली. उच्च न्यायालयानं लेखकाला दोषी धरलं, 1969 साली सर्वोच्च न्यायालयानं सोडलं. निकालात एक शेरा आहे: लेखन अपरिपक्व असेल, लेखकाची स्त्रियांविषयीची जाण तोकडी असेल, पण तेवढ्यानं ते अश्लील ठरत नाही. सुटका योग्यच झाली. पण तो शेरा माझ्या मनातून जाईना. लेखकाची जाण तोकडी असू शकते, तशी वाचकाची नसते का? माझी?

माझी तोकडी जाण एका गाथेपाशी दिसते. त्या गाथेतल्या बाईचा नवरा परगावी गेला आहे. तो गेल्याचा हिशेब ठेवायला ती भिंतीवर रेघ ओढते, मग आणखी एक, मग आणखी. पहिला अर्धा दिवस सरायच्या आत भिंत रेघांनी भरून जाते. यात अंगाचा उल्लेख नाही. म्हणून ही गाथा मी कितीदा ओलांडून पुढे गेलो असेन! पण ज्या गाथांसाठी मी पान उलटत होतो, त्यांतली धग आली कुठून? या भिंतीवरूनच ना? इच्छा त्या बाईची, वाट बघणं तिचं, आणि बोलणारीही बहुतेक वेळा तीच, नाहीतर तिची सखी. तिचं बोलणं गाळून उरलेलं शरीर मी वाचत होतो, आणि त्यालाच शृंगार म्हणत होतो.

भाचीच्या कथा मी वाचलेल्या नाहीत. त्यांतल्या काही सुमारही असतील. पण ती कथेविषयी बोलते तेव्हा त्यातल्या मुलीला काय वाटलं, तिनं नाही का म्हटलं नाही, यावर बोलते. गाथांतल्या बाईविषयी हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. मग आमच्या दोघांत चवीनं वाचणारं कोण?

तुमच्या घरी जोगळेकरांची प्रत असेल तर ती पहिल्या पानापासून, एकही गाथा न गाळता वाचा. आणि घरातली मुलगी फोनवर प्रेमकथा वाचताना दिसली, तर आठी घालण्याआधी तिला त्या कथेतल्या नायिकेविषयी विचारा.