नंदादीपाचे तेल

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी 1608 च्या रामनवमीस जन्मलेला ठोसरांचा नारायण लग्नमंडपातून निघून गेला, आणि बारा वर्षे नाशिकजवळच्या टाकळीस तपश्चर्येत व पुढची बारा तीर्थाटनात घालवून समर्थ रामदास म्हणून घरी परतला, तेव्हा माता राणूबाईंची दृष्टी गेलेली होती, असे चरित्रकार सांगतात. पुत्राच्या स्पर्शाने ती परत आली, या प्रसंगाने कीर्तनातले श्रोते गहिवरतात. माझे मन मात्र त्याआधीच्या वर्षांपाशी रेंगाळते. त्या अंध मातेला हात धरून अंगणात कोण नेत असे, तिचे लुगडे कोण धूत असे? घरी वडील बंधू गंगाधरपंत होते, त्यांची पत्नी होती; त्यांनी घर सांभाळले म्हणून धाकट्याला विश्वाची चिंता वाहता आली.

आज दोन्ही पुत्र घराबाहेर पडतात, आणि राणूबाईंचा हात धरण्यास दरमहा वेतनावर तिसरीच कोणी परिचारिका येते. तिचे वेतन वाढले की वृद्धाश्रमाचे चालक, परिचारिका पुरवणाऱ्या ब्युरोचे मालक आणि वृद्धांची मुलेही हवालदिल होतात, व त्यांच्या तोंडी सहज एक वाक्य येते: ही तर सेवा आहे, तिचा हिशेब कसला! या वाक्यात मला मोठा अधर्म दिसतो. गीतेतला फलत्याग कर्त्याने स्वतःच्या मनाशी करावयाचा आहे. दुसऱ्याच्या फळावर हात ठेवण्याची सनद गीतेने कोणाला दिलेली नाही. महर्षी कर्व्यांनी 1908 मध्ये निष्काम कर्ममठ काढला, तेव्हा अल्प वेतनावर राबण्याची शपथ घेणाऱ्यांनी ती आपखुशीने घेतली होती. आपण होऊन सोडलेले वेतन हे व्रत. दुसऱ्याने व्रताच्या नावाखाली कापलेले वेतन ही वेठ.

तथापि चालकांची अडचण खोटी नाही. यंत्रमागावर एक माणूस पूर्वीच्या अनेकांइतके कापड काढतो, परंतु अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला कुशीवर वळवण्यास, घास भरवण्यास शंभर वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. घाई केली तर तीच क्रूरता होते. म्हणून इतरत्र मजुरी वाढली की येथेही वाढणारच, आणि हा खर्च कामाचा वेग वाढवून भरून निघणारा नाही. तो कोणीतरी उघडपणे उचलला पाहिजे. ऐपतीच्या कुटुंबाने पूर्ण, गरिबाने झेपेल तेवढा, उरलेला सरकारने व दात्यांनी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यात जिल्ह्यागणिक किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी आश्रमाची कल्पना आहे. तेथे भिंतींइतकीच परिचारिकांच्या पगाराचीही कायम तरतूद हवी. दाते खोली बांधून देतात, तीवर नावाची पाटी लावतात. पगारासाठी देणगी देणारा विरळा. आपल्या पूर्वजांना हे अधिक उमजले होते. देवालय बांधून ते थांबत नसत. नंदादीपाच्या तेलासाठी जमीन इनाम देत, पुजाऱ्यास वर्षासन लावून देत, आणि दप्तरात तशी नोंद राही. दिव्याने तेलावाचून निष्काम जळावे, अशी अपेक्षा त्यांनी केली नाही.

आणि जी बाई बारा तास परक्या आईचे अंग पुसते, तिच्या स्वतःच्या आईजवळ त्या वेळी गावी बहुधा एखादी वहिनी बसलेली असते. तिला तर मुशाहिराही नाही, आणि गंगाधरपंतांच्या पत्नीप्रमाणे तिचे नावही कीर्तनात येत नाही.