परवानगी आणि धर्म : पाण्याच्या वाटेवरील घर

सज्जनहो, गृहस्थाश्रमी माणसाला घर पाहिजे, याविषयी वाद नाही. संतांनी संसार टाकून रानात जा असे सांगितले नाही. संसारात राहूनच नाम घ्या, असे सांगितले. तेव्हा घर बांधणे हे पाप तर नव्हेच, उलट आश्रमधर्माचे ते एक अंग आहे. मग प्रश्न कोणता? प्रश्न असा की, घर कोठे बांधावे याला काही धर्म आहे की नाही? जागा माझ्या नावाची, सातबारा माझा, अकृषक परवानगीचा कागद हातात, पैसा घामाचा; इतके असल्यावर आणखी कोणाला काही विचारावयाचे शिल्लक राहते काय? आज पुष्कळ भला माणूस येथे 'नाही' असे उत्तर देतो. त्या 'नाही'चाच विचार या ठिकाणी करावयाचा आहे.

हा विचार भिवापूरच्या निमित्ताने करणे सोयीचे आहे. गावाचे नाव कानी पडताच वारकऱ्याला भिवरेची आठवण होते. पण हा मुलूख भीमेच्या नव्हे, वैनगंगेच्या बाजूचा. नागपूर जिल्ह्याच्या या टोकापासून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत तलावांचा प्रदेश पसरला आहे. गोंड राजांच्या काळापासून येथे तळी बांधण्याची परंपरा आहे आणि त्या कामात कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध आहे. पुढे ही तळी मालगुजारांकडे होती. १९५१ साली मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली, आणि 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची पहिली अक्षरे घेऊन लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. त्यांच्याहून लहान त्या बोड्या.

या तळ्यांची रचना पाहण्यासारखी आहे. वर मुरमाड टेकडी व तिच्यावर झुडपी जंगल. टेकडीच्या पायथ्याला मातीची पाळ घालून अडविलेले पाणी. पाळीखाली धानाच्या बांध्या. एक तळे भरले म्हणजे सांडव्यातून पाणी खालच्या तळ्यात, तेथून त्याच्या खालच्या तळ्यात आणि शेवटी नाल्याला. वस्ती मात्र या वाटेवर नाही. ती उंचवट्यावर, पाणी ठरणार नाही अशा पांढरीत. आपल्या महाराष्ट्रात गावठाणाला पांढरी आणि शेताला काळी म्हणत आले, ते उगीच नव्हे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पीक उभे राहते, पण भिंत तडकते. पूर्वजांनी हे ग्रंथात लिहून ठेवले नाही, गावाच्या आखणीतच लिहून ठेवले.

आता काळ बदलला. नागपूर शहर उमरेडच्या वाटेने वाढत चालले. शेतात चुन्याच्या रेघा पडतात, पाटी लागते आणि तेथे ले-आउट झाला असे आपण म्हणतो. शहराजवळ जे झाले, ते तालुक्याच्या गावी होण्यास वेळ लागत नाही. उंचवट्यावरची जागा महाग, म्हणून स्वस्त जागेकडे डोळा जातो. स्वस्त जागा कोणती? बोडीच्या पोटातली, नाल्याच्या काठची, नाही तर टेकडीचा उतार फोडून सपाट केलेली. ती स्वस्त का आहे, हे गावातले म्हातारे माणूस एका वाक्यात सांगेल. पण त्याला विचारतो कोण?

उतार का ढासळतो, हे समजण्यास फार विद्या नको. झाडांची मुळे माती धरून ठेवतात आणि उताराचा पायथा वरच्या सगळ्या भाराला आधार देतो. झाडी तोडली, पायथा कापला आणि वर पाणी मुरू लागले, म्हणजे माती जड होते, तिचे कण एकमेकांना धरीत नाहीत आणि सगळा भार खाली येतो. पाणथळ जागेचेही तसेच. ती पावसाळ्यात पाणी पोटात घेते, हळूहळू सोडते, विहिरींना झिरपा देते. ती बुजविली म्हणून पाणी नाहीसे होत नाही. ते दुसऱ्याच्या दारी जाते. धर्माचा प्रश्न येथेच उत्पन्न होतो. माझ्या भरावामुळे माझे अंगण कोरडे राहिले आणि शेजाऱ्याच्या चुलीत पाणी शिरले, तर ते माझ्या जागेतले काम राहिले काय?

नागपूरकरांना याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. दीडशे वर्षांहून जुना अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत आली आणि हजारो घरांत पाणी शिरले. माणसे दगावली. ज्या नदीला लोक नाला म्हणू लागले होते, तिने आपण नदी आहोत हे एका रात्रीत सांगितले.

डोंगराची गोष्ट याहून दारुण. ३० जुलै २०१४ रोजी भीमाशंकरच्या डोंगररांगेतील माळीण गाव कड्याखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. अतिवृष्टी हे कारण होतेच. पण उतारावर झालेल्या सपाटीकरणाकडेही अभ्यासकांनी बोट दाखविले. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी दरडीखाली सापडली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे मिळालीच नाहीत. धोक्याच्या गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते. यादीत नाव नाही म्हणून डोंगर थांबत नाही, एवढे त्यातून शिकावे.

परंतु येथे एक विवेक केला पाहिजे. इर्शाळवाडीची आदिवासी माणसे पिढ्यानुपिढ्या तेथे राहिली. त्यांनी डोंगर विकला नाही, तोडून बंगले बांधले नाहीत. त्यांच्याकडे दुसरी जागा नव्हती. अशा माणसाला 'तू तेथे राहिलासच का?' असे विचारणे हा निर्दयपणा होय. त्याला सुरक्षित जागा देणे हे समाजाचे ऋण आहे. दोष विचारावयाचा तो ज्याला दुसरा मार्ग मोकळा होता आणि तरी ज्याने जाणूनबुजून पाण्याच्या वा दरडीच्या वाटेवर दुसऱ्याला बसविले, त्याला.

आता आक्षेपांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, पाऊस ही देवाची करणी. अस्मानीपुढे माणसाचा उपाय काय? याचे उत्तर सोपे आहे. पाऊस देवाचा खरा, पण नाला बुजविणारा टिप्पर देवाने पाठविला नव्हता. आपण केलेले कर्म पांडुरंगाच्या माथी मारणे ही भक्ती नव्हे.

दुसरा आक्षेप कायद्याचा. 'सरकारने परवानगी दिली, मग चूक कसली?' येथे कायद्याचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी २०१७ साली केंद्र सरकारने नियम केले. त्यांत पाणथळ जागेची जी व्याख्या आहे, तीतून पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी माणसाने मुद्दाम बांधलेली तळी वगळली आहेत. आमची तळी तर धानाच्या सिंचनासाठीच बांधलेली! म्हणजे ज्या बोडीत बगळे उतरतात, कमळे फुलतात, जिच्या झिऱ्याने गावच्या विहिरी भरतात, ती या नियमांच्या भाषेत पाणथळ जागाच नव्हे. कागदावर ती पाणथळ नसेल. भाद्रपदात तिच्यात पाय घालून पाहा.

दुसऱ्या बाजूस न्यायालयांनी मोठे निर्णयही दिले आहेत. पंजाबातील एका गावतळ्यावर भर घालून लोकांनी घरे बांधली होती. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम करण्यास नकार दिला आणि गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याची योजना सर्व राज्यांनी करावी असे बजावले. २२ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने विदर्भातील झुडपी जंगलाची जमीन वन म्हणूनच धरावी असे ठरविले.

आणि वारकऱ्याच्या जिव्हाळ्याचे उदाहरण तर इंद्रायणीकाठचे आहे. देहू आणि आळंदी यांच्या मधे चिखली येथे निळ्या पूररेषेच्या आत ३६ बंगले उठले होते. निळी रेषा म्हणजे सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम केला आणि १७ मे २०२५ रोजी महापालिकेने ते बंगले पाडले. कोणाची जन्माची पुंजी त्यात होती. घर घेताना त्या माणसांना नदी दिसत होती, पण नदीची रेषा त्यांना कोणी दाखविली होती काय?

म्हणून कायदा कधी मागे पडतो, कधी उशिरा येतो. आणि उशिरा येतो तेव्हा बहुधा घर घेणाऱ्यावरच कोसळतो. परवानगी म्हणजे 'शिक्षा होणार नाही' एवढेच फार तर म्हणता येईल. 'अपाय होणार नाही' असे ती सांगत नाही. धर्म तेथून पुढे सुरू होतो.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, कारण तो गरजेच्या तोंडून येतो. आमच्याकडचा शेतकरी म्हणेल, "बुवा, तुमी बराबर सांगून राह्यले. पण पोरीचं लगन तोंडावर आलं, सोसायटीचं कर्ज फिटत नाही. धानात काय उरते? बोडीच्या पोटातली दोन एकर गेली तर चार पैसे येतीन. मंग इकू नको त काय करू?"

या माणसाला उपदेश करून वाटेला लावणे बरे नव्हे. त्याची अडचण खरी आहे. तरीही त्याच्यापुढे एक गोष्ट ठेवली पाहिजे. घेणारा बहुधा चैत्र-वैशाखात येतो. तेव्हा जमीन टणक, नाला कोरडा, टेकडीचा वारा सुखाचा. तो घेणारा कोणी शिक्षक, कोणी मोटारचालक, कोणी नुकता निवृत्त झालेला. तो गावचा नव्हे. भाद्रपदात येथे कमरेइतके पाणी असते, हे त्याला ठाऊक नाही; विकणाराला ठाऊक आहे. अशा वेळी विकणारा खोटे बोलत नाही, केवळ गप्प बसतो. सज्जनहो, ते गप्प बसणेच मला या सर्व प्रकरणातील मूळ पाप वाटते. गळ्यात माळ घालताना आपण सत्याने वागण्याचे व्रत घेतो. दुसऱ्याच्या लेकराबाळांचा जीव ज्यावर अवलंबून आहे, ते जाणून न बोलणे हे त्या व्रतात कसे बसते? ज्याला पाण्याची वाट ठाऊक आहे, त्याच्यावर ती सांगण्याचे ऋण आहे. हे ऋण विकणाऱ्यावर आहे, दलालावर आहे, परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यावर आहे आणि पाहून न पाहिल्यासारखे करणाऱ्या पंचांवरही आहे. खरेदीखतावर सही झाल्याने ते फिटत नाही.

आणि विकू नको म्हणणाऱ्या गावावरही एक ऋण आहे. बोडी सगळ्यांना पाणी देते. तर ती राखण्याचा भार एकट्या अडलेल्या शेतकऱ्याने का सोसावा? गावाने मिळून गाळ काढावा, तो शेतात टाकावा, तळ्यात मासळी व शिंगाडा घेता येईल ते पाहावे, अडलेल्याच्या लग्नकार्याला हात लावावा. लोभाला नकार द्यावा, पण गरजेला आधार द्यावा. नुसता नकार देणारे गाव तळेही गमावते आणि माणूसही गमावते.

वारकऱ्याला हा विचार नवा नाही. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात किती पिढ्यांनी राहुट्या टाकल्या! पण वरून पाणी सोडल्याची वर्दी आली की पडशी उचलून आपण उंचावर जातो. 'मी येथे आधी आलो' असे कोणी नदीला सांगत नाही. राहुटी पडते, उठते. वाळवंट नदीचेच राहते. राहुटी उचलता येते, घर उचलता येत नाही. म्हणून घर बांधताना राहुटीपेक्षा दसपट विचार पाहिजे.

तात्पर्य, जागा घेण्यापूर्वी ती एकदा भर पावसाळ्यात पाहावी. गावातल्या दोन वृद्धांना, आणि विशेषतः पाणी भरणाऱ्या आयाबायांना, पाणी कोठवर येते ते विचारावे. जुन्या नकाशात नाला कोठून जातो ते पाहावे. उतार कापलेला असेल, पायथ्याशी नवा भराव असेल, तर स्वस्ताईला भुलू नये. ग्रामसभेत वा नगरपंचायतीत तळ्याचा, टेकडीचा विषय निघाला की माळकऱ्याने मागच्या रांगेत मान खाली घालून बसू नये. उठून जे ठाऊक आहे ते सांगावे. कोणी रागावेल, कोणाचा व्यवहार मोडेल. मोडलेला व्यवहार पुन्हा जुळतो. दरडीखाली गेलेले गाव जुळत नाही.

सातबाऱ्यावर नाव आपले असते, पण वरून येणारे पाणी आणि खाली राहणारा शेजारी यांची नोंद त्यावर नसते. ती नोंद अंतःकरणात ठेवावी लागते. ती ठेवण्याची बुद्धी पांडुरंगाने आपणां सर्वांस द्यावी, एवढीच प्रार्थना.