लहानसा आनंद ही चैन आहे का?



पुस्तकातला शरद ऋतू आणि आपल्या कोपरीतला शरद ऋतू यांचा फारसा संबंध नाही. परदेशी कॅलेंडरवरच्या चित्रात या दिवसांत झाडांची पाने तांबडी-पिवळी होऊन गळतात. आपल्याकडे पाने जागेवर असतात, गळतो तो घाम. पाऊस परतला की ऑक्टोबरचे ऊन स्टेशनच्या पुलावर असे भाजून काढते की सणाचा विचारही नकोसा व्हावा. तरीही हेच आपले सुगीचे दिवस. आपण ज्या साष्टी बेटाच्या टोकाला राहतो, तिथल्या ईस्ट इंडियन बांधवांच्या गावांतून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा होतो आणि भाताच्या नव्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये येतात. संध्याकाळी रस्त्याच्या कडेची सातवीण फुलते. तिच्या वासाने काहींचे मन प्रसन्न होते, काहींचे डोके दुखते. पुढे थंडीची चाहूल लागली की ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरू लागतात. मग दसरा, दिवाळी, मृतांच्या स्मरणाचा महिना, आगमनकाळ आणि शेवटी नाताळ.

या तीन महिन्यांत आम्हा धर्मगुरूंकडे एक प्रश्न हमखास येतो. कोणी मिस्सा संपल्यावर दाराशी थांबून विचारते, "फादर, यंदा आमच्याकडे दुःख झालंय. स्टार लावला तर चालेल का?" कोणाची नोकरी गेलेली असते आणि मुले कंदिलासाठी हट्ट धरून बसलेली असतात. अशा वेळी खर्च करणे शहाणपणाचे का, असा त्यांचा प्रश्न. आणि कॉलेजात जाणारा एखादा मुलगा जरा रागानेच म्हणतो की, जगात एवढी युद्धे चालली आहेत, माणसे उपाशी मरत आहेत आणि आपण कुलकुल वळत बसायचे?

तिघांचे शब्द वेगळे असले तरी प्रश्न एकच आहे. दुःख समोर असताना लहानसहान आनंदाला जागा द्यावी की नाही? तो आनंद ही गरज आहे, की पोट भरलेल्यांची चैन?

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो तेव्हा संत थॉमस अक्वायनस यांचे ग्रंथ म्हणजे नुसता तर्काचा डोंगर वाटत असे. पण तेराव्या शतकातल्या या विद्वानाने दुःखावर उपाय कोणते, याचीही पद्धतशीर चर्चा केली आहे. त्यांनी पाच उपाय सांगितले: कोणताही सुखाचा अनुभव, रडणे, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि पाचवा, झोप व आंघोळ! एवढा मोठा संत आणि तत्त्ववेत्ता दुःखी माणसाला सांगतो की बाबा रे, आधी नीट झोप आणि अंगावर पाणी घे. दिवाळीच्या पहाटे सुगंधी तेल आणि उटणे लावून नातवंडांना आंघोळ घालणाऱ्या आपल्या शेजारच्या आजींना हे वाचून मुळीच नवल वाटणार नाही.

याच संतांनी एक जुनी कथा सांगितली आहे. शुभवर्तमानकार संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत बसले होते. ते पाहून काही लोक नाराज झाले. त्यांच्यापैकी एकाकडे धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले. त्याने एकामागून एक पुष्कळ बाण सोडले. मग योहानाने विचारले, "असेच सतत सोडत राहशील का?" तो म्हणाला, "नाही, धनुष्य मोडेल." माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने सांगितले. अक्वायनस तर आणखी पुढे जातात. जो स्वतः कधी हसत-खेळत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्याखेळण्यातही आडवा येतो, तो माणूस दोषी आहे, असे ते म्हणतात. आपल्या प्रत्येक इमारतीत असे एखादे गृहस्थ असतात. नावे घेत नाही.

पण मन सैल व्हायलाच हवे, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. मन सैल करायला तर बाजार टपलेलाच आहे. दसऱ्यापासून मोबाइलवर सेलच्या जाहिराती सुरू होतात त्या थेट नवीन वर्षापर्यंत. हप्त्यांवर टीव्ही घ्या, हप्त्यांवर फोन घ्या. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली आनंदावर एक खास पत्र लिहिले. तंत्रज्ञानाच्या समाजाने सुखाचे प्रसंग पुष्कळ वाढवले, पण आनंद निर्माण करणे त्याला जमत नाही, असे निरीक्षण त्यांनी त्यात नोंदवले होते. तेव्हा आपल्याकडे मोबाइल नव्हताच, टीव्हीसुद्धा चाळीत एखाद्याकडेच असायचा.

सुख विकत मिळते आणि आनंद मिळत नाही, हे असे का व्हावे? यावर अ‍ॅरिस्टॉटलचे म्हणणे आम्हाला पटते. त्याच्या मते आनंद ही कामापासून वेगळी काढता येणारी वस्तू नाही. एखादी क्रिया मन लावून नीट केली की आनंद आपोआप तिच्या अंगावर येतो, जसे तारुण्यात तेज येते तसे. म्हणून नुसत्या आनंदाच्या मागे धावणाऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि पिठाच्या गोळीला फणीवर दाबून कुलकुल वळणाऱ्या मुलीला तो नकळत मिळून जातो.

आपल्या वस्तीत हे डोळ्यांनी पाहता येते. दिवाळीत इमारतीखाली मुले किल्ला करतात. माती, विटा, जुने पोते, वर मावळे. किल्ल्यावर हिरवळ हवी म्हणून हळीव किंवा मोहरी पेरतात. दीड-दोन महिन्यांनी आपली मुले गोठ्यासाठी ताटलीत नाचणी नाहीतर गहू पेरतात, तेही हिरवळीसाठीच. आकाशकंदील घरी करायचा तर बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ. खळीला कीड लागू नये म्हणून जुनी माणसे त्यात चिमूटभर मोरचूद घालत. नाताळचा पाच टोकांचा तारा करायलाही हेच सामान लागते, फक्त कामट्या बांधायची रीत निराळी. नगर जिल्ह्यातून आलेल्या आपल्या कुटुंबांत नाताळला करंज्या होतात, ईस्ट इंडियन आणि गोवेकरांच्या घरी त्याच न्युऱ्या होतात. नाव बदलले तरी खोबऱ्याचे सारण आणि कडेची मुरड तीच. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कोपरीत वसली. त्यांच्या आणि आपल्या घरांमधून दिवाळी-नाताळला ताटे जातात-येतात आणि परत करताना रिकामे ताट देऊ नये, हा नियम दोन्हीकडे पाळला जातो. ज्याची नोकरी गेली आहे, त्या पित्याला आम्ही हेच सांगतो. मुलांना कंदील हवा आहे हे खरे, पण त्याहून अधिक त्यांना तुमच्याबरोबर जमिनीवर बसून कामट्या बांधायच्या आहेत. एरवी नोकरीमुळे तुम्हाला जो वेळ नसतो, तो आज तुमच्याकडे आहे. हा वेळ दुःखाने आला आहे, म्हणून तो टाकून देऊ नका.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. घरी केलेले तेवढे पवित्र आणि विकतचे सगळे खोटे, असे आम्ही म्हणत नाही. असे म्हणणे पुरुषांना फार सोपे असते. सकाळची फास्ट लोकल धरून कामाला जाणारी आणि रात्री आठनंतर दमून घरी येणारी बाई, तिने सहा प्रकारचा कुसवार करावा आणि घरच्यांनी टीव्हीसमोर बसून 'मागच्या वर्षी जास्त खुसखुशीत होता' असा शेरा मारावा, याला लहानसा आनंद म्हणत नाहीत. ती एकीची मजुरी आणि बाकीच्यांची मौज झाली. अशा घरी एखाद्या महिला बचत गटाकडून कुसवार विकत आणणे अधिक ख्रिस्ती वागणे होईल. त्यात दुसऱ्या एका घरची चूलही पेटते. नाहीतर सगळ्यांनी मिळून एकच प्रकार करावा. कुलकुल वळायला पुरुषांच्या बोटांना काही अडचण नसते.

आता दुःखाच्या घराचा प्रश्न. तो सर्वांत कठीण, आणि आम्हाला वाटते त्याचे उत्तर आपल्या जुन्या रीतीत आधीच आहे.

ज्या घरी माणूस गेले, त्या घरी पहिल्या वर्षी सणाची कढई चढत नाही. हिंदू बांधवांत ही रीत आहे, आपल्याही पुष्कळ घरांत आहे. चर्चचा असा कोणताही नियम नाही, पण रीत मायेची आहे आणि तिचा मान ठेवावा. फक्त ती पुरती समजून घ्यावी. त्या घरी फराळ करायचा नाही, असे रीत सांगते. त्या घरी फराळ पोचू नये, असे ती कधीच सांगत नव्हती. शेजारी आणि नातेवाईक डबे भरून आणत. म्हणजे दुःखी माणसावरचा करण्याचा भार रीतीने काढून घेतला आणि तो शेजाऱ्यांवर टाकला. आनंदाला त्या घरात बंदी नव्हती, तो दुसऱ्यांच्या हातांनी आत येत असे. अक्वायनस यांच्या यादीतला मित्रांच्या सहानुभूतीचा उपाय तो हाच. दुःख हे ओझ्यासारखे असते आणि मित्र ते उचलू लागले की हलके वाटते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

आज आपण या रीतीचा अर्धाच भाग पाळतो. दुःखाच्या घरी कढई चढत नाही, आणि डबाही जात नाही. 'त्यांना कशाला त्रास द्यायचा,' असे म्हणून आपण लिफ्टचे बटण दाबतो. चाळीत दार उघडे असायचे, फ्लॅटचे दार बंद असते. परिणाम असा की, ज्या घरातून वडील किंवा आजी गेली, त्या घरातल्या आठ वर्षांच्या मुलाला त्या वर्षी ना तारा, ना गोठा, ना न्युरी. त्याला वाटते, देवानेच आपल्याला शिक्षा केली. 'स्टार लावला तर चालेल का,' असे विचारणाऱ्या कुटुंबाला आमचे उत्तर 'जरूर लावा' असेच असते. पण खरे तर तो प्रश्न त्यांनी विचारण्याची वेळ यायला नको होती. तारा घेऊन शेजारच्यांनी त्यांच्या दारी जायला हवे होते.

आपल्या दिनदर्शिकेचा क्रमही पाहा. सुगीचा आगेरा आणि नाताळ यांच्या मधोमध २ नोव्हेंबर येतो, सर्व मृतांचा स्मरणदिन. दसऱ्याला शेजाऱ्यांच्या दारावर तोरणात दिसलेला झेंडू त्या दिवशी आपण कबरींवर वाहतो, शेजारी मेणबत्ती लावतो. सण आणि कबरस्तान यांच्यात चर्चने भिंत घातलेली नाही.

रागावलेल्या त्या तरुणालाही उत्तर द्यायला हवे, कारण त्याचा राग चांगल्या जातीचा आहे. २०२३ साली गाझातल्या युद्धामुळे खुद्द बेथलेहेममध्ये नाताळची रोषणाई झाली नाही, मोठे झाडही उभे राहिले नाही. तिथल्या ख्रिस्ती नेत्यांनी जल्लोष टाळायचे ठरवले होते. पण मिस्सा झाली. आणि तिथल्या एका लुथरन चर्चमध्ये लोकांनी गोठाही केला. फुटक्या काँक्रीटचा ढिगारा रचून त्यात बाळ येशूची मूर्ती ठेवली. जगभर त्याची छायाचित्रे गेली. म्हणजे जे दुःखाच्या अगदी जवळ होते, त्यांनी झगमगाट सोडला, हातांनी करायची गोष्ट सोडली नाही. दूर बसून कुलकुल न वळल्याने कोणा उपाशी माणसाला घास मिळत नाही. वळलेल्या कुलकुलांचा एक डबा स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांकडे नेला तर मिळतो. त्या तरुणाने डब्याची जबाबदारी घ्यावी, असे आम्ही सुचवले आहे.

गोठ्याची ही परंपरा रुजवली असिसीचे संत फ्रान्सिस यांनी, इटलीतल्या ग्रेचो गावी, १२२३ साली. त्यांची प्रकृती ढासळत चालली होती, तीन वर्षांनी ते गेलेच. त्या पहिल्या गोठ्यात मूर्ती नव्हत्या. पेंढा, एक बैल, एक गाढव आणि मशाली घेऊन आलेली गावची माणसे, एवढेच. गव्हाणीवर मिस्सा झाली. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेचोला जाऊन गोठ्यावरच्या पत्रावर सही केली आणि घराघरांत गोठा करण्याची रीत चालू ठेवावी, अशी इच्छा व्यक्त केली.

आपल्या चर्चच्या गोठ्याचे काम आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे आनंदाच्या रविवारी, मिस्सेनंतर सुरू करू. थर्माकोल आणू नये. सजावटीसाठी त्यावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि तसेही त्याचे तुकडे महिनाभर पायाला चिकटत राहतात. कामट्या, पोती, जुन्या साड्या, सुके गवत चालेल. ज्या घरी यंदा दुःख झाले आहे, तिथल्या मुलांना निरोप पाठवून बसू नका, जाऊन हाताला धरून आणा. आणि ज्यांना घरच्या गोठ्याला हिरवळ हवी आहे, त्यांनी नाचणी रात्रभर भिजवून १४-१५ डिसेंबरपर्यंत ताटलीत पेरावी. पाणी शिंपडायचे, ओतायचे नाही. ओतले की दाणे कुजतात.