घरकुलाचा दहावा उन्हाळा

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळे सोडून शिरपूरकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. आधी किल्ल्याची टेकडी दिसते, मग तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकाने. एप्रिल-मे महिन्यात या गावात, किंबहुना धुळे-जळगावच्या कोणत्याही गावात, सरकारी योजनेतून बांधलेल्या घरकुलात संध्याकाळी पाऊल टाकले, तर बाहेरच्यापेक्षा आतच जास्त उकडते. चार इंची स्लॅब सकाळपासून तापत राहतो आणि दिवस मावळल्यावर साठवलेली उष्णता खाली सोडू लागतो. पंखा लावला तर तो तीच गरम हवा अंगावर ढकलतो. म्हणून बाजा अंगणात येतात. पाणी असेल त्या दिवशी छतावर बादल्या ओतल्या जातात. ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे ते त्यावर कडबा किंवा ओली पोती पसरतात. यादीत नाव लागावे म्हणून वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीत खेटे घालून मिळवलेल्या घरात ऐन उन्हाळ्यात कुणाला झोपता येत नाही.

घर उभे राहिले की योजना पूर्ण झाली, असा आपल्या घरकुल धोरणाचा हिशेब आहे. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग २०१६ मध्ये सुरू झाला. सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटरचे घर, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, शौचालयासाठी वेगळे १२ हजार. जोते, लिंटल, छत असा प्रत्येक टप्पा झाला की घराचा फोटो ठिकाणाच्या नोंदीसह संगणकावर चढतो आणि पुढचा हप्ता सुटतो. या पद्धतीने कागदावरची खोटी घरे बरीच कमी झाली, हे तिचे मोठे यश आहे. पण शेवटचा फोटो चढला की त्या घराकडे पाहणारी सरकारी नजरही संपते. पाचव्या पावसाळ्यात छत गळते का, दहाव्या उन्हाळ्यात भिंतीला हात लावता येतो का, हे विचारणारा रकाना त्या नोंदवहीत नाही.

वास्तविक पूर्वी असा रकाना थोडाफार होता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत पुढे १९९९-२००० पासून एकूण निधीतील वीस टक्के रक्कम कच्च्या घरांच्या सुधारणेसाठी राखली गेली. घरामागे आधी १० हजार, मग साडेबारा, नंतर १५ हजार. रक्कम तुटपुंजी होती, पण आहे ते घर सुधारणे हेही सरकारी काम आहे, हे त्यात मान्य केलेले होते. ‘सर्वांसाठी घरे’ या घोषणेच्या घाईत ते मागे पडले.

खानदेशात घरकुल म्हटले की आठवते जळगाव. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या नगरपालिकेने कर्ज काढून अकरा हजारांवर घरे बांधायला घेतली. त्यातली जेमतेम दीड हजार उभी राहिली. २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले. या खटल्याने एक गोष्ट प्रस्थापित केली: न बांधलेल्या घराचा जाब विचारता येतो. बांधलेल्या आणि नंतर खचत गेलेल्या घराचा जाब विचारायला मात्र आजही कुठे जागा नाही. मालक लाभार्थी, त्यामुळे दुरुस्ती त्याची. आणि एकदा पक्के घर मिळालेले कुटुंब नव्या यादीला अपात्र, मग त्या पक्क्या घराच्या छताच्या सळया उघड्या पडल्या असल्या तरी.

हे घडते कसे, ते एका स्लॅबपुरते पाहावे. उद्दिष्ट आर्थिक वर्षाशी बांधलेले असते, त्यामुळे कामाचा रेटा मार्चच्या आसपास वाढतो. खानदेशात पाण्याची ओढ नेमकी तेव्हाच लागलेली असते. स्लॅब टाकल्यावर त्याला किमान सात दिवस, आणि कोरड्या उष्ण हवेत दहा दिवस, सतत ओले ठेवावे लागते. प्यायला टँकर लागतो तिथे स्लॅबला दहा दिवस पाणी कोण मारणार? काँक्रीट कच्चे राहते, बारीक भेगा पडतात, ढाळ नीट नसेल तर पहिल्याच पावसाचे पाणी त्या भेगांतून सळईपर्यंत पोचते. सळई गंजते, गंजून फुगते आणि खालचा थर पोपडा धरून गळायला लागतो. ढाळ काढून विटांच्या तुकड्यांचा कोबा केला असता तर हे लांबले असते. पण अनुदान संपलेले असते आणि कोबा कुठल्याच हप्त्याच्या फोटोत येत नाही.

पूर्वीच्या घराला देखभाल चुकत नव्हती. सागाच्या तुळया, वर आडव्या फळ्या किंवा काठ्या आणि त्यावर वीतभर जाडीची पांढरी खारट माती, असे धाब्याचे घर खानदेशात सर्रास होते. मृगाच्या आधी धाब्यावर चढून उंदरांची बिळे बुजवायची, तण उपटायचे, नव्या मातीचा थर देऊन चोपायचा, पन्हळी मोकळ्या करायच्या. ते दरवर्षीचे काम होते आणि त्याची माहिती घरातल्या प्रत्येकाला होती. त्या मातीमुळे मे महिन्यातली दुपार आत सुसह्य होई आणि धुळ्याच्या बोचऱ्या थंडीत घर ऊब धरून राही.

मात्र धाब्याकडे परत जा, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यातली कितीतरी दगड-मातीच्या भिंती आणि डोक्यावरचे धाब्यासारखेच जड माळवद कोसळून दबली गेली. हलके, भूकंपात टिकणारे आणि तरी थंड राहणारे छप्पर हवे, असा हा अवघड प्रश्न आहे आणि तो अनुदानाच्या आकड्याने आपोआप सुटत नाही.

पण त्याच भूकंपग्रस्त लातूर-उस्मानाबादने महाराष्ट्राला एक धडा दिला, जो आपण जवळजवळ विसरलो. जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या पुनर्वसनात नव्या वसाहतींची चर्चा खूप झाली. त्याच कार्यक्रमात दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले, आणि ते घरमालकांनी स्वतः करून घेतले. सरकारने पैसे टप्प्याटप्प्याने दिले, अभियंत्यांनी मार्गदर्शन केले, आणि स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. घराला काय हवे, हे त्या शेजारणींना समजावून सांगत आणि काम नीट होते का ते पाहत. म्हणजे घर खाजगी मालकीचे, दुरुस्तीला सार्वजनिक पैसा आणि देखरेखीला गाव, ही घडी या राज्याने एकदा बसवून दाखवली आहे. आपत्ती आली म्हणून ती बसवली. रोजच्या झिजेसाठी तीच का बसवू नये?

ब्रिटनमध्ये या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिले. रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा सामाजिक गृहसंस्थेच्या सदनिकेतील ओल आणि बुरशीमुळे दगावला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये लागू झाला: तातडीचा धोका असेल तर घरमालक संस्थेने २४ तासांत हालचाल केली पाहिजे, ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची चौकशी दहा कामाच्या दिवसांत झाली पाहिजे. आपल्याकडेही पुरावा नाही असे नाही. मुंबईच्या गोवंडी-मानखुर्द भागातील लल्लुभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी त्या रचनेचा क्षयरोगाशी असलेला संबंध दाखवून दिला. घर आजारी पाडू शकते, हे सिद्ध झाले. पुढची जबाबदारी कुणावर, हे ठरले नाही.

ब्रिटनचा नियम जसाच्या तसा सोनगीरला लागू पडणार नाही. तिथे घर भाड्याचे आहे, मालक संस्था आहे, तिला जाब विचारता येतो. इथे घर शक्यतो बाईच्या नावावर किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर होते. हा नियम चांगलाच आहे, पण त्याबरोबर छताच्या देखभालीचा सगळा भार तिच्यावर येऊन पडतो, आणि दिवसभर त्या छताखाली राहतेही तीच. मालकी दिली म्हणून सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या वस्तूची जबाबदारी शासनाला सोडता येत नाही. सोनगीरच्या तांबटाकडून भांडे घेणाऱ्याला पूर्वी ठाऊक असे की आज घेतलेल्या पितळी पातेल्याला ठरावीक काळाने कल्हई लागणार; घरकुल देतानाही तो खर्च पहिल्या दिवसापासून धरलेला असायला हवा.

ऊर्जेचे नियमही याच फटीतून निसटले आहेत. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. छतातून दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशामागे १.२ वॉटहून जास्त उष्णता आत येऊ नये, अशी तिची एक अट आहे. उघड्या काँक्रीट स्लॅबचा हाच आकडा याच्या तिपटीच्या घरात जातो. पण ही संहिता बेतली गेली ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील गृहप्रकल्पांसाठी. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने निवासी इमारती कक्षेत आणल्या, त्याही किमान १०० किलोवॉट जोडभाराच्या. ती मर्यादा खाली आणण्याची मुभा राज्यांना आहे. एका पंख्याच्या आणि दोन दिव्यांच्या घरापर्यंत मात्र यातले काही पोचत नाही, आणि उष्णता सगळ्यात जास्त तिथेच आहे.

महाराष्ट्राने २०२५ मध्ये एक पाऊल उचलले. घरकुलाला राज्याकडून आणखी ५० हजार रुपये मिळू लागले: ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावर एक किलोवॉटपर्यंतच्या सौर संचाला. शिवाय केंद्राच्या सूर्यघर योजनेतून किलोवॉटमागे ३० हजार आहेतच. ऊन ही खानदेशची मोठी पुंजी आहे. साक्री तालुक्यातील शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उगाच उभा राहिलेला नाही. एक किलोवॉटचा संच महिन्याला शंभराच्या वर युनिट देतो; पंखा, दिवे आणि छोटा कूलर यांना तेवढे पुरते. शिवाय पॅनेलखालच्या छतावर सावली पडते, हा फायदा वेगळाच.

पण गळक्या स्लॅबवर सांगाडा बसवताना बोल्ट त्याच स्लॅबमध्ये जातात आणि गळतीला नवी वाट मिळते. म्हणून संच बसवण्याआधी स्लॅबची तपासणी आणि कोबा ही अट अनुदानातच हवी, आणि त्या कामाचे पैसेही. आधी छप्पर थंड करावे, मग वीज निर्माण करावी, हाच क्रम स्वस्त पडतो. अहमदाबादने २०१३ च्या उष्णता कृती आराखड्यानंतर गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा लेप देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे पाच वर्षांचे धोरणच जाहीर केले. पंचवीस चौरस मीटरच्या छताला चुना मारणे हे दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. अडचण अशी की चुना पावसात धुतला जातो आणि खानदेशच्या धुळीने काळवंडतो, म्हणून तो दर फाल्गुनात पुन्हा मारावा लागतो. ऊर्जाबचत देखभालीपासून वेगळी काढता येत नाही, ती अशी. नव्या घरांना लॉरी बेकर यांनी केरळमध्ये रुळवलेला फिलर स्लॅब चालू शकेल. त्यात स्लॅबच्या खालच्या भागात कौले घातली जातात, सिमेंट वाचते आणि उष्णताही कमी उतरते. मात्र तो टाकायला शिकलेला गवंडी लागतो, आणि ग्रामीण गवंड्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद योजनेत आधीपासून आहे.

यावर आक्षेप येतो पैशाचा. लाखो कुटुंबे अजून कुडाच्या घरात असताना ज्यांना मिळाले त्यांच्यावर पुन्हा खर्च का? हा प्रश्न रास्त आहे. पण पंधरा वर्षांत राहण्यालायक न उरणारे घर ही बचत नव्हे. ते कुटुंब पुन्हा बेघरांत जमा होते, फक्त यादीत दिसत नाही. मुंबईतील जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ उभे केले गेले. त्या मंडळाच्या कामात उणिवा असतील, पण दुरुस्तीसाठी कायम वाहता निधी हवा हे तत्त्व त्याने मान्य केले. गावाकडच्या घराला तेवढे तरी मिळावे.

ग्रामीण योजनेचा आताचा टप्पा २०२९ पर्यंत आहे आणि त्यात देशभरात आणखी दोन कोटी घरे बांधायची आहेत. या नव्या घरांच्या अंदाजपत्रकात कोबा, ढाळ आणि पांढरे छत हे वेगळा हप्ता म्हणून आजच घालता येते. जुन्या घरांसाठी धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांपासून सुरुवात करावी: पाच आणि दहा वर्षे झालेल्या प्रत्येक घरकुलाची पंचायत समितीच्या अभियंत्याने पाहणी करावी, छताच्या खालच्या बाजूचा फोटो त्याच संगणकप्रणालीत चढवावा, दुरुस्तीची यादी ग्रामसभेत वाचली जावी आणि पैसे थेट घरमालकिणीच्या खात्यात जावेत. पाहणी जानेवारीत झाली तर होळीपर्यंत चुना मारून होतो आणि मृगाच्या आत कोबा.