ड्रायव्हरला कधी दिसलं?

जळगावात एक मुलगी होती. उडी, झेप, कोलांटी, घोड्यावरून पडणारा माणूस अशी चित्रं काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गणेशोत्सवातल्या देखाव्याचा पडदा रंगवायचा असला की मंडळाची पोरं आधी तिच्या दारात यायची. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिने छोटी अॅनिमेशन फिल्म करायला घेतली आणि विषय निवडला चिमठाण्याच्या खजिना लुटीचा.

खानदेशात ही हकिकत घरोघरी ठाऊक आहे, निदान असायला हवी. 14 एप्रिल 1944. धुळे तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्याचं ठाणं होतं. धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना क्रांतिकारकांनी चिमठाणे गावाजवळ अडवून लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरातली. खानदेशचे डॉ. उत्तमराव पाटील, साताऱ्याकडचे जी. डी. लाड आणि नागनाथ नायकवडी ही या मोहिमेशी जोडलेली नावं. पैसा प्रतिसरकारच्या, म्हणजे भूमिगतांनी चालवलेल्या समांतर सरकारच्या, कामाला हवा होता.

मुलीने स्टोरीबोर्ड काढायला सुरुवात केली. कागदावर ओळीने चौकटी आखायच्या, एका चौकटीत एक शॉट, कोण कुठून कुठे जातो त्याचे बाण, खाली दोन ओळी: काय घडतं आणि काय ऐकू येतं. 1930 च्या सुमाराला डिस्नेच्या स्टुडिओत अशी चित्रं भिंतीवर टाचून गोष्ट आधी उभी करायची पद्धत बसली, आणि आज हाणामारीचा साधा प्रसंगसुद्धा त्यावाचून सहसा कुणी हाती घेत नाही. कागदावर चुकलं तर खोडरबर लागतो, शूटिंगच्या दिवशी चुकलं तर अख्ख्या युनिटचा दिवस जातो.

तिच्या प्रसंगातली एक चौकट सगळ्यांना वेड लावणारी होती. भरधाव मोटारीच्या पायरीवर एक तरुण झेप घेतोय. दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले, धोतराचा सोगा वाऱ्यावर, मागे मावळता सूर्य, खाली धुरळ्याचा लोट. मित्रांनी ती चौकट मोबाइलच्या पडद्यावर लावून घेतली. तिने फिल्मच्या पोस्टरसाठीही तीच ठरवली.

कॉलेजातले सर म्हणाले, "चित्रं झाली. आता त्यांना घड्याळ लाव." म्हणजे अॅनिमॅटिक. स्टोरीबोर्डच्या चौकटी कॉम्प्युटरवर एकापुढे एक लावायच्या, प्रत्येकीला वेळ द्यायचा, खाली कच्चा आवाज टाकायचा आणि सगळं चालवून बघायचं. सरांनी तिला जॉर्ज लुकासची गोष्ट सांगितली. 1977 च्या 'स्टार वॉर्स'मधल्या अवकाशातल्या लढाईसाठी त्याने आधी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या झुंजींचे तुकडे जोडून घेतले होते. कुठलं विमान किती वेळ दिसतं, कुठे वळतं, हे त्यावरून ठरलं आणि मग यानं आली. मुलीने ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये चौकटी जोडल्या, इंजिनाची घरघर तोंडानेच काढून मोबाइलवर रेकॉर्ड केली. मोटार येते, माणूस आडवा येतो, मोटार थांबते, झेप. सेकंदाला 24 फ्रेम या हिशेबाने मोटार थांबण्याला तिने 12 फ्रेम दिल्या. अर्धा सेकंद. अॅक्शन म्हणजे झपाटा, अशी तिची पक्की समजूत होती.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. सरांनी मात्र ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं आणि म्हणाले, "चित्रं चोख आहेत, पण प्रसंग अंगावर येत नाही. काय चुकतंय ते मलाही बोट ठेवून सांगता येत नाहीये." हे कबूल करणारा शिक्षक भेटणं ही मोठी गोष्ट आहे असं मला वाटतं. पण तिला ते लागलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आजोळी धुळ्याला गेली. आजोबांना सगळे आबा म्हणत. आबांची सगळी नोकरी एसटीच्या ड्रायव्हरच्या सीटवर गेलेली. सोनगीर, चिमठाणे, दोंडाईचा, नंदुरबार हा रस्ता त्यांच्या तळपायाला पाठ होता. एका दुपारी ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या आबांपुढे तिने लॅपटॉप ठेवला. कौतुक ऐकायचं होतं, दुसरं काय.

आबांनी पाहिलं. म्हणाले, "पयले हाई सांग, 1944 ले लाल गाडी कोठून आनी?"

मोटार तिने एसटीसारखी रंगवली होती. एसटीची पहिली गाडी धावली 1 जून 1948 ला, पुणे ते नगर. त्याआधी खासगी मोटारी. त्यात लढाईचा काळ, पेट्रोलला रेशन, कितीतरी मोटारी मागे कोळशाची भट्टी लावून तिच्या गॅसवर चालायच्या. ती हसली आणि म्हणाली, "रंग बदलते आबा. बाकी कसं आहे?"

"परत दखाड बरं."

तिने परत लावलं. आबा पुढे सरकले. "ही मोटार नंदुरबारकडे चालली होती ना? मग मध्येच तोंड फिरवून धुळ्याकडे का पळायला लागली?"

ती चमकली. पहिल्या चौकटीत मोटार डावीकडून उजवीकडे जात होती. पुढच्या चौकटींत सूर्य मागे यावा म्हणून तिने कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे नेला होता, त्यामुळे तीच मोटार उजवीकडून डावीकडे धावत होती. रस्त्याची एक बाजू धरली की प्रसंग संपेपर्यंत ती सोडायची नाही, हा नियम तिला तोंडपाठ होता. सूर्यापायी तो सुटला होता. आबांना नियम ठाऊक नव्हता, रस्ता ठाऊक होता.

"आणि हाऊ ड्रायव्हर आंधळा शे का? त्याले माणूस कव्हय दिखना?"

"दिसला की. म्हणून तर गाडी थांबली."

"कोणत्या चित्रात?"

तशी चौकटच नव्हती. माणूस आडवा आला, मोटार थांबली. मधला ड्रायव्हर तिने काढलाच नव्हता. ती म्हणाली, "आबा, अॅक्शन आहे. इतक्या वेगात कुणाच्या लक्षात येतं?"

आबांनी वाद घातला नाही. खडू मागवला. ओसरीच्या फरशीवर त्यांनी रस्ता आखला, त्यावर काडेपेटी ठेवली ती मोटार, शेंगांची टरफलं ती माणसं. मुलीने चाळीसगावला केकी मूस यांची टेबलटॉप छायाचित्रं पाहिली होती. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून त्यातून अख्खा देखावा उभा करणारा हा खानदेशातला कलावंत तिच्या मनात घर करून होता. आणि आज फरशीवर तिचे आजोबा, ज्यांनी जन्मात चित्र काढलं नव्हतं, तेच करत होते.

काडेपेटी हळूहळू सरकवत आबा बोलू लागले. ताशी 40 म्हणजे सेकंदाला 11 मीटर. डोळ्याने पाहिलं, मनाने मानलं आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यातच गाडी दहा-बारा मीटर पुढे गेलेली असते. मग ब्रेक लागतो. मग चाकं घासतात. आणि लांबून दिसणारा माणूस आधी माणूस म्हणून दिसतच नाही. "काहीतरी आहे, एवढंच कळतं. म्हैस असेल, कुणाचं गाठोडं पडलं असेल. त्या वेळी पाय फक्त अॅक्सिलेटरवरून उठतो. जवळ गेल्यावर कळतं, माणूस आहे. वाटतं, होईल बाजूला. हॉर्न मारायचा. तो हलत नाही. तेव्हा पोटात खड्डा पडतो आणि मग ब्रेक." त्यांनी दोंडाईच्याच्या अलीकडे आडव्या आलेल्या एका बैलगाडीची आठवण सांगितली. सांगताना त्यांचा उजवा पाय फरशीवर आपोआप दाबला जात होता. मुलगी तो पाय बघत राहिली आणि तिने तिथेच वहीत तो काढला.

संध्याकाळपर्यंत तिने नव्या चौकटी आखल्या. काचेतून लांबवर एक ठिपका. अॅक्सिलेटरवरून उचललेला पाय. ठिपक्याचा माणूस झाला. हॉर्न. माणूस तिथेच. ड्रायव्हरचे डोळे. पाय ब्रेकवर. मागे बसलेले पहारेकरी पुढे फेकले जातात. अर्ध्या सेकंदाचा प्रसंग आता 8 सेकंदांचा झाला. चालवून पाहिलं, आणि तोंडाने काढलेल्या त्याच घरघरीवर तिच्या अंगावर काटा आला. त्या 8 सेकंदांत रस्त्यातला माणूस काहीच करत नव्हता. समोरून लोखंड येत होतं आणि तो उभा होता.

अडचण पुढे आली. मोटार अशी थांबल्यावर ती झेप कुठे बसवायची? थांबलेल्या गाडीवर कोण झेप घेईल? तिने ती चौकट आधी सरकवली, मग मागे नेली, मग एका पहारेकऱ्याला पळायला लावून त्याच्यामागे जोडली. प्रत्येक वेळी तिथेच प्रसंग खोटा पडत होता. आबांना विचारलं तर ते म्हणाले, "चित्र झकास आहे, माय. पण ज्याला गाडी थांबवता येते त्याला उडी कशाला मारावी लागेल?"

रात्री गच्चीवर ती याच वाक्याशी झगडत होती. या माणसांनी ठिकाण हेरलं असणार, वेळ धरली असणार, कुणी कुठे उभं राहायचं ते ठरवलं असणार. तिने मात्र ते सगळं पुसून त्यांना पडद्यावरच्या हिरोसारखी एक उडी देऊन टाकली होती. उडी तिच्या हाताची करामत होती. त्यांचं धाडस जागा हेरण्यात आणि जागेवरून न हलण्यात होतं, आणि तिच्या चाळीसेक चौकटींत त्याला एकही चौकट मिळाली नव्हती. तिने झेप काढून टाकली. पोस्टरवरूनही. मित्रांचे निषेधाचे मेसेज आले. तिने कुणाला समजावत बसण्यात वेळ घालवला नाही.

जाणकारांच्या नजरेतून काही सुटत नाही असं आपण धरून चालतो, पण कॅमेऱ्याची जाण वेगळी आणि मोटारीची वेगळी. पडद्यावर मोटार असेल तर दोन्ही लागतात.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या स्टोरीबोर्डच्या प्रत्येक चौकटीखाली दोनऐवजी तीन ओळी आल्या. काय घडतं, काय ऐकू येतं, आणि या क्षणी कोणाला काय दिसतं. तिसरी ओळ भरता आली नाही तर ती चौकट रंगवायची नाही, असा तिने स्वतःपुरता नियम केला. कामाचा वेग निम्म्यावर आला.

पुढच्या प्रसंगात पहारेकरी बंदुका उचलतात. तिसऱ्या ओळीवर ती अडली.

"आबा, त्या वेळची बंदूक खांद्यावरून उतरवून नेम धरेपर्यंत किती वेळ लागत असेल?"

"माले काय माहीत?" आबांनी पायात चपला सरकवल्या. "मागच्या गल्लीत एक रिटायर्ड फौजदार राहतात. चाल, त्यांना विचारू. आणि खडू घे सोबत."