नाटकातील सिंहासन

आमच्या मंडळीच्या ऐतिहासिक नाटकातील सिंहासन भनपुरीच्या एका गुदामात पडून होते. गुदाम रिकामे करून देण्याची वेळ आली, तेव्हा ते ठेवावे की मोडीत काढावे, असा प्रश्न उपस्थित झाला. चार फळ्या आणि त्यांवर सोनेरी कागद. कबाड्याने नजरेनेच मोल केले. खोटेपण हाच ज्याचा धर्म, ते खेळ संपल्यावर जपावे कशासाठी?

नितीन देसाई यांनी 'जोधा अकबर' (२००८) या चित्रपटासाठी कर्जतला उभारलेला आग्र्याचा किल्ला चित्रीकरणानंतरही राखला. तेथे बादशहा कधी नांदला नाही. पण सुतारांचे, रंगाऱ्यांचे श्रम तर खरेच होते! मात्र श्रमांसाठीच वस्तू राखावयाची, तर गणपतीची मूर्ती आपण दरसाल पाण्यात सोडतोच की. एवढेच की, तिला निरोप देतो. वजनावर विकीत नाही.

बदलीच्या प्रत्येक हुकमासरशी निम्मा संसार टाकीत आलेल्या आम्हांस हा भेद फारसा जाणवला नसता. परंतु त्या सिंहासनावर शेवटचे बसलेले गृहस्थ आज हयात नाहीत. त्यांच्या पत्नी गुदामात आल्या आणि झिजलेल्या हातावर हात ठेवून उभ्या राहिल्या. कबाड्याला आम्ही गाडीभाडे देऊन परत पाठविले. सिंहासनास जागा अद्याप मिळालेली नाही.