परवाना आणि पाप
रत्नागिरीकडचा एखादा तरुण दलालाच्या भरवशावर, केवळ भेटीचा व्हिसा घेऊन दुबईस जातो आणि बांधकामावर राबू लागतो, तेव्हा त्याच्या हातून कायद्याचा भंग होतो हे निर्विवाद. परंतु त्या भंगाने त्याच्या श्रमाचे मोल नष्ट होते काय, हा प्रश्न धर्माच्या कचेरीतला आहे. पासपोर्ट मुकादमाच्या कपाटात, हजेरीपटावर नाव नाही. पगार थकला तर दाद मागावी कोठे, कारण फिर्यादीच प्रथम आरोपी ठरायचा! मजुराची मजुरी अविलंब चुकती करावी ही पैगंबरांची आज्ञा त्या मुलुखात सर्वश्रुत आहे, आणि तिला परवान्याची अट नाही. अमिरातींनी २०२४ मध्ये विनापरवाना मजूर ठेवणाऱ्या मालकाचा दंड किमान १ लाख दिरहॅमवर नेला, तो मला न्याय्यच वाटतो. दलाल मात्र, बहुधा, गावच्या उत्सवास वर्गणी देऊन पुण्यवान म्हणवितो.